चित्र अडलं कुठे? सेकंडहँड मॉनिटर भंगारात देण्याआधी

“विंडोज धा बंद झाला म्हणतत, मगे मॉनिटर पण नवो घेवक व्हयो काय?”

देवगडात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान आहे. तिथे हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हटलं. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हे खरं. विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर चढत नाही, हेही खरं. पण मायक्रोसॉफ्टच्या अटींत पडद्याबद्दल फार काही नाही. कर्ण नऊ इंचांपेक्षा मोठा हवा आणि चित्र निदान ७२० ओळींचं हवं, अशा मोजक्याच अटी. ऑफिसात दहा-बारा वर्षं राबलेला मॉनिटर या परीक्षेत सहज पास होतो.

म्हणून लोक सीपीयू, म्हणजे संगणकाचा डबा, बदलतात आणि मॉनिटर जुनाच बघतात. कुणी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणतो. कुणाचा चाकरमानी भाऊ गणपतीला येताना ऑफिसने काढलेला मॉनिटर डिकीत घालून आणतो. मुंबई-गोवा हायवेचे धक्के खात तो घरी पोचतो, लावतात, आणि पडदा काळा. किंवा गुलाबी. किंवा मधोमध उभी रेघ. लगेच निदानही तयार असतं: “मॉनिटर गेलो मरे!”

बऱ्याचदा तो गेलेला नसतो. मी स्वतः या बाबतीत तोंडघशी पडलोय. माझा पहिला सेकंडहँड मॉनिटर ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आला, लावला तर पांढरं पान गुलाबी-जांभळं. विकणाऱ्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवसांनी कळलं की केबलची एक पिन वाकली होती, आणि ती मीच घाईत खुपसताना वाकवली होती. मग माफी मागायला पुन्हा फोन.

पाटाच्या कडेने चालत जा

पोफळीच्या बागेत शिंपणं करताना विहिरीचं पाणी पाटाने वाहतं, दांडातून वळतं आणि शेवटी झाडाच्या आळ्यात पडतं. एखादं आळं कोरडं दिसलं म्हणून कुणी विहिरीला दोष देत नाही. पाटाच्या कडेने चालत जातात आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतात.

चित्राचंही तसंच आहे. संगणक ही विहीर. तिथे चित्र तयार होतं. केबल हा पाट. मॉनिटरच्या पोटातला मुख्य बोर्ड आलेलं चित्र वाटून देतो, कोणत्या आळ्याला किती ते ठरवतो. आणि काचेचं पॅनेल म्हणजे आळ्यांची रांग. १९२० गुणिले १०८० असा साधा मॉनिटर घेतला तर त्यात २०,७३,६०० ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन बारीक खिडक्या. म्हणजे ६२,२०,८०० आळी. एवढ्यांत पाणी पोचतं याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

एक गोष्ट मात्र या उपमेत बसत नाही, ती म्हणजे दिवा. त्यासाठी काचेच्या आत डोकवावं लागेल.

काचेच्या आत काय चालतं

एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. उजेड देतो मागे किंवा कडेला बसवलेला दिवा, ज्याला बॅकलाइट म्हणतात. साधारण २०१० च्या आधीच्या मॉनिटरांत तो बारीक ट्यूबलाइटसारखा असे, नंतरच्यांत एलईडीच्या पट्ट्या आल्या. दुकानदार ‘एलईडी मॉनिटर’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त दिवा एलईडीचा असतो, काच एलसीडीचीच.

मग पॅनेल काय करतं? उजेड अडवतं किंवा सोडतं. एक पातळ फळी खिडकीच्या उभ्या गजांतून पलीकडे द्यायची असेल तर ती उभी धरावी लागते. पलीकडे आणखी एक खिडकी आहे आणि तिचे गज आडवे आहेत असं समजा. फळी मधल्या जागेत वळवली तरच बाहेर पडेल. पॅनेलमध्ये उजेडासाठी अशाच गजांच्या दोन पातळ फिल्म असतात, एक उभी, एक आडवी. त्यांच्यामध्ये द्रवस्फटिक भरलेले असतात, ते उजेडाला वळवतात. वीज दिली की ते सरळ होतात, वळवणं थांबतं आणि ती खिडकी काळी होते. जुन्या स्वस्त मॉनिटरांत हीच पद्धत असते. इतर प्रकारांत वळवण्याची तऱ्हा वेगळी, तत्त्व हेच.

जाता जाता सांगतो, हे द्रवस्फटिक १८८८ साली एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला पडले. फ्रीडरिश राइनिट्झर त्याचं नाव. त्याच्याकडचा एक पदार्थ १४५.५ अंशांवर वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांवर पुन्हा वितळल्यासारखा नितळ झाला. थंडीत खोबरेल अर्धवट गोठतं तसलं हे प्रकरण नव्हतं. वाहतंही आणि स्फटिकासारखं शिस्तीतही राहतं, अशी ती वेगळीच अवस्था होती.

आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की चित्र आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मेली तरी दुसरी जिवंत असू शकते.

‘नो सिग्नल’ ही चांगली बातमी

मॉनिटर लावला, पडद्यावर ‘नो सिग्नल’ लिहिलेली पट्टी फिरायला लागली की लोकांचा चेहरा पडतो. मला उलट हायसं वाटतं. ती पट्टी मॉनिटरने स्वतः काढलेली असते. म्हणजे त्याला वीज मिळते आहे, दिवा लागतो आहे, बोर्ड जागा आहे आणि पॅनेलवर अक्षरं उमटत आहेत. बाग ठीक आहे, पाणी पाटातून आलेलं नाही.

आता मागे मागे जायचं. मॉनिटरवर जुन्या पद्धतीचं व्हीजीए निवडलंय आणि केबल नव्या पद्धतीची, एचडीएमआयची आहे, असं होतं का? इनपुट किंवा सोर्सचं बटण दाबून बघा. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा नीट बसवा. सीपीयूत चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच पोर्टात, म्हणजे खाचेत हवी. वरच्या बाजूला मदरबोर्डचं, म्हणजे सीपीयूतल्या मुख्य बोर्डाचं, तसंच दिसणारं पोर्ट असतं आणि हात नेमका तिकडेच जातो. लॅपटॉप जोडला असेल तर विंडोजच्या बटणासोबत पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. मॉनिटरचं एक पोर्ट मेलेलं असेल तरी दुसरं चालू शकतं, तेही लावून बघा. विजांच्या कडकडाटानंतर असं एकच पोर्ट गेलेलं मी पाहिलं आहे.

अ‍ॅडॉप्टरचा घोळ वेगळाच. नव्या सीपीयूला एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए, हे आता रोजचं झालंय. व्हीजीए १९८७ मधली पद्धत आहे. ती रंगांचे कमी-जास्त व्होल्टेज पाठवते. एचडीएमआय आकडे पाठवते. त्यामुळे मधे भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर उलटा लावून व्हीजीएचं एचडीएमआय होत नाही. आत कसलाही बोर्ड नसलेली, दोन टोकांना दोन प्रकारच्या पिना एवढीच केबल स्वस्तात मिळते. ती अशा जोडणीत काहीच करत नाही. घेऊ नका.

आणि कधीकधी विहीरच कोरडी असते. सीपीयूचा पंखा फिरतो, पण चित्रच तयार होत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात याचं नेहमीचं कारण म्हणजे रॅमच्या पट्टीच्या सोनेरी पट्ट्यांवर चढलेली ओल आणि मळ. वीज पूर्ण बंद करून, रॅम काढून, खोडरबराने हळू पुसून परत बसवली की अनेकदा ‘बिघडलेला’ मॉनिटर लगेच दुरुस्त होतो.

मेनूचं बटण: फुकटातला डॉक्टर

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे ठेवा. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली मेनूचं बटण असतं. ते दाबलं की ब्राइटनेस वगैरे असलेला चौकोन उघडतो. तो चौकोन संगणक काढत नाही, मॉनिटरचा बोर्ड काढतो. म्हणून बिघाड दिसत असताना मेनू उघडायचा आणि बघायचं: बिघाड मेनूवरही दिसतो का?

मागचं चित्र गुलाबी आहे, पण मेनू स्वच्छ? मग दोष मॉनिटरच्या पोर्टापाशी किंवा त्याच्याही मागे आहे. मेनूवरूनही तीच रेघ जाते? मग दोष मॉनिटरच्या आत. मेनू रेघेपर्यंत पोचत नसेल तर बऱ्याच मॉनिटरांत मेनूची जागा सरकवायची सोय मेनूतच असते. सरकवा.

दुसरी परीक्षा संगणकाची. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, तो मोबाइलवर पाठवा आणि तिथे उघडा. मोबाइलवरही चट्टे दिसले तर ते चित्रातच आहेत, संगणकाने तसंच काढलंय. इथे मॉनिटर पूर्ण निर्दोष. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि मेनूही स्वच्छ, तर उरतो मधला पाट, म्हणजे केबल आणि दोन्हीकडची पोर्टं. मॉनिटरच्या फोटोने मात्र काही कळत नाही. लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर पडद्याचा फोटो पाठवून विचारतात, “काय झालंय सांग.” फोटोत सगळंच येतं, समोरच्या खिडकीचा उजेडसुद्धा.

पडदा काळा, पण बटणाचा दिवा चालू

मॉनिटरच्या बटणापाशी बारीक दिवा असतो. तो पेटतच नसेल तर आधी वीज बघा. वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेल्या सेकंडहँड मॉनिटरांत इथे मोठी गडबड असते, कारण मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलेला असतो आणि विकणारा टोपलीतला जो पिनेला बसेल तो देतो. पिन बसली म्हणजे झालं असं नाही. मॉनिटरच्या मागच्या लेबलावर व्होल्ट लिहिलेले असतात, कुणाला १२, कुणाला १४, कुणाला १९. अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही. कमी पडले तर ब्राइटनेस वाढवला की पडदा लुकलुकतो किंवा मॉनिटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. पिनेतलं अधिक-उणे दाखवणारं गोल चिन्हही दोन्हीकडे सारखं आहे ना ते बघा.

दिवा नारिंगी असेल किंवा उघडझाप करत असेल तर बहुतेक मॉनिटर झोपलेला आहे, चित्राची वाट बघतोय. मागचा ‘नो सिग्नल’चा भाग पुन्हा वाचा.

दिवा निळा किंवा हिरवा, संगणक चालू, तरी पडदा काळा? खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी लावून पडद्याच्या अगदी जवळ तिरकी धरा आणि निरखून बघा. अंधुक आयकॉन, खिडक्यांच्या कडा दिसल्या तर समजा की चित्र शेवटच्या आळ्यापर्यंत पोचलंय आणि मेलाय तो बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारं सर्किट. जुन्या ट्यूबवाल्या मॉनिटरांत याची ठरलेली खूण असते: चालू केल्यावर दोन-तीन सेकंद चित्र येतं आणि बॅकलाइट विझतो. ट्यूब थकलेली असते किंवा तिला उच्च दाबाची वीज देणारा इन्व्हर्टर बोर्ड आजारी असतो, आणि सुरक्षेसाठी सर्किट स्वतःच बंद होतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे सकाळी मॉनिटर चालू व्हायला दहा मिनिटं घेतो, बटण परत परत दाबावं लागतं, एकदा तापला की दिवसभर ठीक. यात संशय पॉवर बोर्डावरच्या कपॅसिटरांवर जातो. कपॅसिटर हा विजेचा रांजण: येणारी वीज साठवतो आणि एकसारखी पुढे सोडतो. उष्णतेने त्याच्या आतला द्रव आटतो, डोकं फुगतं आणि धार तुटक होते. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या मालात खराब कपॅसिटरांची जगभर साथच होती, त्यामुळे त्या वयाचा मॉनिटर असेल तर हा संशय आधी घ्या.

रंग बिघडला तर कोणती तार तुटली?

व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या वेगळ्या तारा असतात. पिनांच्या तीन ओळी, पहिल्या ओळीतली एक नंबरची पिन लाल, दोन नंबरची हिरवी, तीनची निळी. पांढरा रंग तिघांच्या बेरजेतून होतो, म्हणून पांढऱ्या पानाकडे बघून गैरहजर कोण ते ओळखता येतं. लाल गेला तर पान हिरवट आकाशी दिसतं. हिरवा गेला तर गुलाबी-जांभळं, म्हणजे माझंच प्रकरण. निळा गेला तर पिवळं.

वाकलेली पिन सरळ करायला शिसं काढलेली टिकटिक पेन्सिल उत्तम. तिचं पोकळ टोक पिनेवर चढवायचं आणि हळूच उभं करायचं. मधल्या ओळीतली नववी पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती तुटली समजून घाबरू नका.

पिवळेपणाला आणखी दोन कारणं असतात. जुन्या ट्यूबचा उजेड वयाने पिवळसर होतो, अशा वेळी मेनूतला पांढराही पिवळा दिसेल आणि त्याला इलाज नाही. दुसरं कारण विंडोजमधलं ‘नाइट लाइट’, रात्री डोळ्यांना बरं म्हणून पडदा पिवळसर करणारं सेटिंग. हा माझ्या नियमातला खोडकर अपवाद आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ, मेनू स्वच्छ, केबल बदलली तरी पडदा पिवळाच. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी यापायी दोन केबली घेतल्या होत्या. सेटिंगमध्ये एक बटण बंद केलं आणि झालं.

एचडीएमआयवर तार तुटून सहसा एकच रंग जात नाही, तिथे चित्र लुकलुकतं, पांढरे कण उडतात किंवा सगळंच जातं. पण रंग धुतल्यासारखे फिके आणि काळा राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची रेंज ‘लिमिटेड’ असते, ती ‘फुल’ करा. टीव्हीसाठीच्या पद्धतीत काळा शून्याऐवजी १६ पासून आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ पर्यंत धरतात. संगणक मॉनिटरला टीव्ही समजला की हे होतं.

अक्षरं पुसट का दिसतात?

पॅनेलची आळी मोजून ठेवलेली असतात. १३६६ गुणिले ७६८ आळ्यांच्या बागेत दुसऱ्या मापाचं चित्र पाठवलं तर एकाचं पाणी शेजाऱ्याच्या आळ्यात सांडतं आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ज्या मापापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच ठेवा. जुने चौकोनी मॉनिटर बहुधा १२८० गुणिले १०२४ चे असतात, त्यांच्यावर रुंद चित्र पाठवलं की माणसं लांबट दिसतात किंवा ‘आउट ऑफ रेंज’ अशी पट्टी येते. पट्टी आली तर संगणक सेफ मोडमध्ये चालू करून माप कमी करा.

योग्य माप यादीत दिसतच नसेल तर केबल बदला. मॉनिटर आपली मापं एका छोट्या मेमरीत लिहून ठेवतो आणि संगणक ती केबलच्या वेगळ्या तारांवरून वाचतो. स्वस्त केबलीत त्या तारा गाळलेल्या असतात, मग संगणक अंदाजाने १०२४ गुणिले ७६८ धरून बसतो. व्हीजीएवर माप बरोबर असूनही अक्षरं थरथरत असतील तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा.

“मग घरातला टीव्हीच लावला तर?” लावा, सिनेमा बघायला छान. पण अनेक ३२ इंची टीव्ही १३६६ गुणिले ७६८ चेच असतात, जवळ बसून सातबारा वाचताना अक्षरांच्या पायऱ्या मोजता येतात. शिवाय टीव्ही चित्राच्या कडा कापतो, ते सेटिंग शोधून बंद करावं लागतं.

रेघ, ठिपका आणि मुंगी

वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची सरळ उभी रेघ, आणि ती मेनूवरूनही जाते. हे पॅनेलचं दुखणं. काचेच्या कडेला पातळ फिल्मवर बारीक चिप असतात, त्या प्रत्येक रांगेला वीज पुरवतात. फिल्मचा आणि काचेचा सांधा सुटला की ती रांग बेवारस होते. कडेला दाबलं की रेघ जाते, सोडलं की येते, असं दिसलं तर निदान पक्कं. यूट्यूबवर पुठ्ठ्याचा तुकडा खुपसून ‘कायमचा’ इलाज करणारे भेटतील. तो इलाज बहुधा पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा असतो. नवं पॅनेल घालायचं तर तेवढ्यात दुसरा जुना मॉनिटर येतो.

एखादा ठिपका कायम काळा किंवा कायम लाल, तर सोडून द्या. साठ लाखांत एक.

मात्र ठिपका जागा बदलत असेल तर ती मुंगी आहे. गंमत करत नाही. पॅनेल उबदार असतं, झिरपत्या पावसात मुंग्या आणि बारीक किडे फटीतून आत शिरतात आणि दिव्याच्या थरांमध्ये फिरतात. पहिली ऊर्मी होते ती बोटाने चिरडायची. तेवढं करू नका. चिरडली तर तिचा डाग तिथेच राहील, मॉनिटर उघडल्याशिवाय निघणार नाही. मॉनिटर बंद करा, खोली अंधारी करा, शेजारी टेबललॅम्प लावून ठेवा आणि तिला बाहेरच्या उजेडाकडे यायला वेळ द्या. बहुतेक वेळा येते.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

मुंबई-पुण्यात लिहिलेल्या सल्ल्यांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे निम्मे बिघाड इथून सुरू होतात असं माझं मत आहे. आषाढात मिठाची बरणी कशी पाणावते बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात बारीक मीठ असतंच. ते धुळीबरोबर मॉनिटरच्या जाळीतून आत बसतं. उन्हाळाभर कोरडं असतं तोवर गप्प, पाऊस लागला की तेच मीठ ओलं होऊन विजेची नको तिथे वाट करतं आणि तांब्याला हिरवट गंज चढवतं. म्हणून मे महिन्यात झकास चाललेला मॉनिटर जुलैत आजारी पडतो.

पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काचेवर मात्र अल्कोहोल नको, जेमतेम दमट केलेलं मऊ फडकं पुरे. पावसाळ्यात मॉनिटर गुंडाळून माळ्यावर टाकण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवलेला बरा, त्याच्याच उबेने आतली ओल हटते. बंद घरातून गणपतीला बाहेर काढलेला मॉनिटर लगेच लावू नका, एक दिवस कोरड्या खोलीत बसू द्या. आणि जाळीतून आत बॅटरी मारून बघा, पालीसुद्धा उबेला येऊन पॉवर बोर्डावर बसतात आणि सोबत बोर्ड घेऊन जातात.

‘लाइट कमी दाबाची आहे म्हणून मॉनिटर बिघडला’ हे मात्र फारसं खरं नाही. बहुतेकांच्या लेबलावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी दाब ते पचवतात. मारते ती वीज पडल्यावर तारेतून येणारी लाट. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आणि तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, तेव्हा आपण लाइट कधी येते याची वाट बघत बसलो होतो. ती येण्याआधी प्लग काढलेला असणं हाच सर्वांत स्वस्त विमा. फक्त बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा आणि ब्रॉडबँडची वायरही.

“यूट्यूब बघून घरीच उघडला तर?”

कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा, डागायला पाच मिनिटं, मग का नको? कारण पॉवर बोर्डावर एक मोठा कपॅसिटर असतो, त्यात २३० व्होल्टच्या लाइनपासून सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे असू शकतात. ट्यूबवाल्या मॉनिटरच्या इन्व्हर्टरमधले व्होल्ट त्याहून बरेच जास्त. ज्याला मीटर धरता येतो आणि तो कपॅसिटर रिकामा कसा करायचा ते ठाऊक आहे त्याने जरूर उघडावा. बाकीच्यांनी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा आणि नेताना नीट सांगावं: “टॉर्च मारल्यावर चित्र दिसतं, दिवा लागत नाही.” ‘बंद पडला’ म्हणून दिलेल्या मॉनिटरपेक्षा हे वाक्य घेऊन गेलेल्या मॉनिटरचं बिल कमी येतं, हा अनुभव.

“एवढी कटकट कशाला, नवाच घ्या की!”

ज्यांना रोज आठ तास बसायचंय, फोटोंचं काम आहे, किंवा मंद ब्राइटनेसवर जुन्या मॉनिटरच्या बारीक लुकलुकीने डोकं दुखतं, त्यांनी नवाच घ्यावा. मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, बागेच्या पावत्या यांना जुना पुरतो, फक्त घेताना घाई नको. आपला लॅपटॉप आणि आपली केबल घेऊन जा. पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं असं एकेक चित्र पडदाभर उघडून बघा. मेनूची सगळी बटणं दाबा. अर्धा तास चालू ठेवून चहा प्या, थंड असताना लपलेला दोष तापल्यावर बाहेर येतो आणि तापल्यावर लपणाराही असतो, म्हणून आधीपासून चालू ठेवलेला मॉनिटर दाखवला तर तो थंड झाल्यावर पुन्हा लावायला सांगा.

जाळीत आणि स्क्रूंच्या खाचांत सुकलेल्या चिखलाची रेघ दिसली तर हात लावू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानंच्या दुकानं पाण्याखाली होती. पुरात बुडालेला मॉनिटर वाळवला की कधीकधी चालू होतो, पण आत बसलेला गाळ ओल धरून राहतो, आणि त्याचं पुढचं आयुष्य कुणी सांगू शकत नाही.

खरोखर मेलाच तर तो परड्यात जाळू नका, खाडीत तर मुळीच नको. जुन्या ट्यूबांत पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, किंवा दुरुस्तीवाल्याला सुट्या भागांसाठी. स्टँड आणि चांगला अ‍ॅडॉप्टर मात्र काढून ठेवा.

हिरवी उभी रेघ असलेला एक मॉनिटर माझ्याकडे अजून आहे, गिऱ्हाइकांच्या बाकासमोर टांगलेला. त्याच्यावर कोणत्या फॉर्मला काय कागद लागतात ती यादी दिसते. ‘मूळ प्रत’ आणि ‘झेरॉक्स’ या दोन रकान्यांच्या बरोबर मधे रेघ येईल अशी ती यादी मांडली आहे. आजवर कुणी विचारलेलं नाही.